तिसरा झुरका

माझ्या मामांनी मला फसवलं. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण लिहिता लिहिता मला त्यांची दया येणार आणि मग मी काहीतरी गुळमुळीत लिहून मोकळा होणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या घरात गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत. मी बोलणार आहे.

सोलापुरात नवी पेठेत तंबाखूचं एक दुकान होतं. मालक लिंगायत. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. या अप्पांनी जन्मभर तंबाखू विकली आणि जन्मात कधी तोंडाला लावली नाही. विडी नाही, चिलीम नाही, तपकिरीची चिमूटसुद्धा नाही. गळ्यात लिंग आहे, त्याच्यापुढं धूर सोडू का, असं विचारायचे. त्यामुळं दुकानातला माल चांगला की वाईट हे अप्पांना नेहमी दुसऱ्याच्या जिभेवरनं कळायचं, आणि ती जीभ माझ्या मामांची होती.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. आम्ही जेऊरकडचे. वडील गेले, जमीन चुलत्यांत वाटली गेली, तेव्हा मामांनी निरोप धाडला, "हितं ये, दुकानात लावतो." मी चांगला बावीस वर्षांचा बाप्या होतो. मामी मानमोडीच्या तापात गेली होती. जर्मनीची लढाई संपता संपता घरंच्या घरं रिकामी करून गेला, तो ताप. मामांनाही तो झाला होता, पण ते उठले. वेशीजवळ त्यांची एक खोली होती. पुढं माझं लग्न झालं तरी मी, माझी बायको आणि मामा तिथंच राहिलो. मला बाप नव्हता आणि त्यांना पोर नव्हतं. आता यापेक्षा जास्त काय सांगू?

दुकानाचा एक रिवाज होता, अप्पांच्या वडिलांपासून चालत आलेला. करणाऱ्यानं चाखायचं नाही आणि चाखणाऱ्यानं करायचं नाही. दोन-तीन जातींची तंबाखू मापानं एकत्र करायची, तिला गुळाचं नाहीतर कशाचं तरी पाणी द्यायचं, मुरवायची, याला आम्ही मेळ म्हणायचो. मेळ करायचा मी आणि चाखायचे मामा. आपलं पोर काळं आहे असं कुठली आई म्हणते, असा अप्पांचा सवाल असायचा.

मेळ तयार झाला की मामा सकाळी उपाशीपोटी दुकानात यायचे. कोमट पाण्यानं चूळ भरायची, कोरड्या भाकरीचा तुकडा चावून थुंकायचा, मग चिलीम हातात घ्यायची. झुरके तीनच. पहिला जिभेसाठी, दुसरा घशासाठी, आणि तिसरा तोंडातनं घेऊन नाकातनं सोडायचा. तिसरा सुटला की मामा एक शब्द बोलायचे. 'उतरला' किंवा 'नाही'. का, कसं, कुठं चुकलं, हे विचारायचं नाही. 'नाही' आलं की करणाऱ्यानं आपल्या हातानं तो मेळ केराच्या पोत्यात ओतायचा, आणि भिंतीवर खडूनं लिहिलेली त्याची मापं ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. पुन्हा तो विषय काढायचा नाही, तो मेळ पुन्हा करायचा नाही. केराच्या पोत्यातला माल हलक्या विड्यांना जायचा.

चाखणं चालू असताना मी मामांच्या समोर पोत्यावर बसायचो, हात-दोन हातांवर. तिसऱ्या झुरक्याला मामा माझ्याकडे बघत बघत धूर सोडायचे. किती मायेनं बघतात, असं मला वाटायचं. खरंच वाटायचं हो.

आणि माझे मेळ उतरायचे. दहातले आठ उतरायचे. मामा चारचौघांत म्हणायचे, "पोराच्या हाताला चव हाय. लई चव हाय." विडी कारखान्यांचे लोक आमच्याकडे येऊ लागले आणि मी नाकानं कांदे सोलायला लागलो. दुसऱ्या दुकानाची तंबाखू हुंगून तोंड वाकडं करायचो. माझी बायको म्हणायची, "एवढं फुगू नका, टाचणी लागंल एखाद्या दिवशी." तिला काय कळतंय, म्हणून मी सोडून द्यायचो.

पण एक होतं. एवढं करून बाजारात मला कुणी माझ्या नावानं ओळखत नव्हतं. "ए, मामाचा भाचा!" अशी हाक यायची. दहा वर्षं मी मामाचा भाचा होतो. टक्कल पडलेल्याला कुणी टकल्या म्हणावं तसं ते मला चिकटलं होतं.

अशात एका गिरणीच्या कारकुनानं एक काम आणलं. तिथल्या कताई खात्यावर एक गोरा साहेब होता, तो पाइप ओढायचा. त्याची विलायती तंबाखू मुंबईहून डब्यातनं यायची. तेव्हा विलायती मालावर बहिष्काराचे दिवस, मुंबईचा दुकानदार डबे ठेवीना. साहेबानं कारकुनाला सांगितलं होतं, इकडच्याच पानांचा मेळ जमतो का बघ. पण तो एकदाच बघणार. जमला तर त्याचे क्लबातले सगळे सोबती घेणार, नाही जमला तर पुन्हा तोंड दाखवायचं नाही. सोबत त्यानं आपला एक जुना पाइप दिला होता, कडेला चीर गेलेला, आणि एक रिकामा डबा. डब्याच्या तळाशी चिमूटभर भुसा उरला होता. मी तो हुंगला आणि काय सांगू, मला पहिल्यांदा कळलं की तंबाखूला असाही वास असतो. सुक्या मनुकांचा, जुन्या लाकडाचा, थोडा पाऊस लागलेल्या गवताचा.

अप्पांनी मला आत बोलावलं. "हे बघ," म्हणाले, "हा मेळ उतरला तर या मालाचं सगळं काम तुझं. दुकानात वेगळी गादी देतो तुला. वेगळी मापं, वेगळं कपाट. मग तू मामाचा भाचा न्हाईस. काय?"

त्या एका गादीसाठी मी पुढचे अडीच महिने वेड्यासारखा राबलो.

आमच्या खोलीशेजारी तेलुगू विणकरांचं एक घर होतं. त्यांचे पाहुणे गुंटूरकडे, तिकडे नुकतंच एक पिवळं पान लावू लागले होते. विणकराच्या म्हातारीनं मला त्याच्या दोन पेंढ्या आणवून दिल्या. गोड पान, पण नुसतं ओढलं तर पाणी पिल्यासारखं. त्यात निपाणीचं काळं पान घातलं तर जोर आला, पण जळताना असा चरचरीत वास यायचा की जिभेला झोंबणार हे हुंगूनच कळायचं. गूळ घातला तर करपट यायला लागला. काकवी घातली तर चिकट गोळा झाला. मी भिंतीवर मापं लिहीत होतो, पुसत होतो. नाकी नऊ आले. मेळ अजून मामांपर्यंत गेलाच नव्हता, मीच हुंगून टाकून देत होतो. चाखत नव्हतो हं. रिवाज म्हणजे रिवाज. पण नाक कुठं बांधून ठेवू?

मग एक चूक झाली. मनुकांच्या पाण्यात थोडी काकवी घालून मी पानं भिजवली होती आणि पंच्याच्या तुकड्यात बांधून कोपऱ्यात ठेवली होती. बायकोनं खोली सारवायला काढली तेव्हा पाटा उचलून त्या गाठोड्यावर ठेवला आणि विसरली. सहा दिवसांनी मी गाठोडं शोधलं तर पानांची काळी तांबूस वडी झाली होती. आधी मी तिच्यावर ओरडलो. मग वडी मोडून बघितली आणि गप्प झालो. डब्यातला तो वास. तोच नव्हे, त्याचा सोलापूरचा भाऊ म्हणा. मनुका होत्या, लाकूड होतं, आणि मागं भाजलेल्या ज्वारीसारखं काहीतरी, जे साहेबाच्या डब्यात नव्हतं. बायको म्हणाली, "आता कुणी ओरडायचं कुणावर?" मी हसलो. मला आठवतंय, मी त्या दिवशी फार हसलो.

मेळ मापानं पुन्हा केला, पुन्हा दाबला, पुन्हा तोच वास आला. मापं भिंतीवर लिहिली.

चाखायच्या दिवशी कारकून स्वतः आला. पुण्याला शिकलेला, उंटावरचा शहाणा. मामांनी चूळ भरली, भाकरी चावली, मी साहेबाचा पाइप भरून दिला. तेवढ्यात कारकुनानं खिशातनं रुमाल काढला. "असं नाही," म्हणाला. "विलायतेत पारख करताना डोळे बांधतात. म्हणजे पक्षपात होत नाही. भाचा समोर बसलाय, उद्या साहेब विचारेल."

मामा म्हणाले, "डोळं कशाला? मी काय डोळ्यानं वढतो व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. मामांच्या कपाळावर घाम होता, तो मी पाहिला होता आणि तरी मला काही वाटलं नाही. उलट मला बरंच वाटलं, म्हटलं बांधा, माझ्या मेळाला कसली भीती? अप्पा म्हणाले, "बांधू दे की. साहेबाची समजूत पटंल." कारकुनानं रुमाल बांधला.

पहिला झुरका. दुसरा. तिसऱ्याला मामांनी धूर कितीतरी वेळ तोंडात धरला. त्यांनी मान डावीकडं फिरवली, मग उजवीकडं, मग पुन्हा समोर, मी बसलो होतो तिकडं. काहीतरी शोधत असल्यासारखी. बोलायचं नाही हा रिवाज, म्हणून मी श्वास धरून बसलो होतो.

"न्हाय," मामा म्हणाले.

कारकून पुढं आला, धूर हुंगला आणि म्हणाला, "वास तर बरा वाटतोय." अप्पांनी मान हलवली. "आमच्यात न्हाई म्हंजे न्हाई." मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण पुढचं काम माझं होतं. मी उठलो. परात उचलून केराच्या पोत्यात ओतली, हात झटकले. ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरची मापं पुसली. एक रेघ राहिली होती, तीसुद्धा परत जाऊन पुसली. असा मी मुकाट आज्ञाधारक गाढव होतो.

मला माझ्या नाकानं सांगितलं होतं की हा मेळ चांगला आहे. मामांच्या एका शब्दावर मी माझंच नाक खोटं पाडलं. महिनाभर मला वाटत होतं, माझं नाकच गेलं असणार. लक्षात ठेवा हे वाक्य.

त्या संध्याकाळी मामांनी माझ्यासाठी पेढे आणले. मामांनी, ज्यांनी माझ्या लग्नातसुद्धा लाडू मोजून वाढले होते! मी म्हटलं, "आज पेढे कशाचे?" तर म्हणाले, "असू दे रे. खा." मला वाटलं, माया. मी रडत रडत खाल्ले ते पेढे.

पुढं सहा-सात महिन्यांनी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. अप्पांनी मला माल बघायला टेंभुर्णीला धाडलं. चौथ्या दिवशी दुपारी परत आलो. खोलीचं दार उघडलं आणि मला भडभडून आलं. काय तो वास! उंदीर मेला होता. मी धोतराचा सोगा नाकाला लावून आत गेलो. मामा आपल्या वळकटीला टेकून भाकरी आणि शेंगाचटणी खात होते. चवीनं.

"आलास? दमलास जनू," मामा म्हणाले. "बस, भाकरी घे."

"मामा, हा वास!"

"कसला वास?"

मी त्यांची वळकटी उचलली. खाली उंदीर होता, फुगलेला, किडे लागलेला. मामा तीन दिवस त्याच्यावर टेकून झोपले होते, जेवले होते. मी उंदीर बाहेर टाकला, शेणानं जमीन सारवली. मामा म्हणाले, "सर्दी झालीया मला." मी म्हटलं, व्हय. आणि सारवता सारवता माझे हात थांबले. मामांना सर्दी नेहमीच असायची. दूध करपलं तरी सर्दी. उदबत्ती संपून कपड्याला लागली तरी सर्दी. विणकराच्या घरात मासळी शिजायची तेव्हा सगळी आळी बोलायची आणि मामा म्हणायचे, मला काय येत न्हाय बाबा, सर्दी हाय.

तरी मी दोन दिवस स्वतःला समजावत होतो. माणूस आपल्या बापाबद्दल असलं पटकन मानत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारीचा वाळका कडबा हातानं चुरला. त्यात झाडूच्या केरातली थोडी धूळ घातली, रंग यावा म्हणून चहाचा चोथा घातला. चिलमीत भरलं. मामांपुढं धरलं आणि म्हणालो, "मामा, नवा मेळ हाय. दुकानात न्यायच्या आधी तुमी बघा." आणि मी समोर बसलो. माझं तोंड मी असं केलं, जसं माझे उतरणारे मेळ घेऊन बसताना असायचं. ते मला मुद्दाम करायला लागलं नाही म्हणा, दहा वर्षांची सवय होती.

मामांनी चूळ भरली. पहिला झुरका. दुसऱ्याला थोडे खोकले. तिसरा त्यांनी माझ्याकडे बघत बघत नाकातनं सोडला. कडब्याचा पांढरा धूर, गोठ्यात कुणी शेकोटी केल्यासारखा. मामा हसले.

"घसा जरा धरतोय," म्हणाले. "पन उतरला. झकास उतरला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मामा, कडबा हाय त्यो. कडबा आन् केर."

मामांनी हातातली चिलीम खाली ठेवली, जपून, आडवी. 

"कधीपासनं?" मी विचारलं.

"तुजी मामी गेली तवापासनं. तापातनं उठलो आन् नाकाला काय येईना. जिभंला मीठ कळतं, तिखट कळतं, बाकी समदं सारखंच."

"म्हंजे मी सोलापुरात आलो त्याच्या आधीपासनं?"

"व्हय."

"मग इतकी वर्षं चाखत काय हुता तुमी?"

मामा माझ्याकडे बघत नव्हते. "पान मला बोटाला कळतं. वल कळती, कुरकुर कळती. आन् मेळ... तुज्या तोंडावर दिसायचं की रे. तुजा मेळ चांगला झाला की तुजं तोंड फुलायचं. बिगडला की तू खाली बघायचास. मला एकदाबी चकलं न्हाय." आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्या कारकुनानं डोळं बांधलं."

मला काय वाटलं ते सांगतो. ती चिलीम त्यांच्या टाळक्यात घालावीशी वाटली. माझी गादी गेली म्हणून नव्हे, ते तर होतंच. पण दहा वर्षं ज्या 'उतरला'वर मी मिरवत होतो, तो सगळा खोटा. "पोराच्या हाताला चव हाय!" कुठल्या जिभेनं म्हणाला होतात, मामा? मीच माझ्या तोंडावर लिहायचो आणि मामा मलाच ते वाचून दाखवायचे. ज्या कौतुकावर माझी इतकी वर्षं गेली, त्यात कौतुक करणारं कुणी नव्हतंच. आणि चांगल्या मेळाला 'नाही' म्हणाले ते एकदाच, जेव्हा खरोखर कुणी चाखायला हवा होता तेव्हा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी हे सगळं त्यांना बोललो. याहून वाईट बोललो. ते लिहीत नाही.

"मग उतरला का न्हाई म्हणालात? शंका हुती तर उतरला म्हणायचं हुतं!"

"साहेबाचा माल. खोटा पडला असता तर अप्पानं मला काडलं असतं," मामा म्हणाले. "न्हाय म्हनलं की कुनी तपासत न्हाय."

बघा. किती सरळ हिशेब. माझी गादी की त्यांची जागा, आणि रुमालाच्या आत, तीन झुरक्यांत, त्यांनी ठरवून टाकलं.

मी कुणाला सांगितलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. अप्पांना सांगितलं असतं तर मामा रस्त्यावर आले असते, आणि मी कुठं गेलो असतो? त्यांच्याच खोलीत राहत होतो. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ताटात भाकरी वाढायचो, पाणी ठेवायचो, पण शब्द नाही.

आणि नेमका तेव्हा तो कारकून परत आला. साहेबानं मुंबईहून दुसरी कसली तरी तंबाखू आणली होती, ती त्याला पटली नव्हती. अजून एकदा बघतो, म्हणाला. अप्पा खूश. "गादीचं ते तसंच हाय बरं का," मला म्हणाले. रिवाजाप्रमाणं 'नाही' पडलेला मेळ पुन्हा करायचा नसतो. मी तो रिवाज मोडला, चोरून. पण मापं पुसलेली. पिवळं किती, काळं किती, काकवी किती मापटी, सगळं आठवणीवर. पाटा तोच ठेवला, सहा दिवस ठेवला. वडी निघाली. वास चांगला होता. पण तो वास नव्हता. निदान मला तसं वाटलं. मागचं ते भाजक्या ज्वारीसारखं काहीतरी, ते येत होतं की नव्हतं, हे मी आठवड्याभर हुंगत होतो आणि मला कळत नव्हतं.

सकाळी दुकानात निघताना मामा दारात थांबले. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलले. "आज डोळं बांदनार न्हाईत. अप्पा म्हनाला, बांदलं की अपशकुन हुतो. तू फकस्त नीट बस समोर. तोंड नीट ठेव." आणि मी चपला घालू लागलो तर म्हणाले, "तुजीच गादी हाय रे ती."

म्हणजे तेवढं केलं की झालं. फसवायचं दोघांनी मिळून, आणि माझा मेळ पुन्हा माझ्याच तोंडावर उतरणार.

मामांनी चूळ भरली. भाकरी चावली. साहेबाचा चीर गेलेला पाइप पेटवला. पहिला झुरका घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी पोत्यावरच फिरलो आणि मामांकडं पाठ करून भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर खडूची नवी मापं होती, ती वाचत बसलो.

मागं दुसरा झुरका झाला. तिसरा मला ऐकू आला. अप्पांच्या तोंडून कानडी निघालं, "एनप्पा, काय झालं? बोला की."

"अप्पा," मामांचा आवाज आला, "मला कळत न्हाय. मानमोडीपासनं मला वास न्हाय. मी समद्यांना फशिवलं. ह्या पोराला लई फशिवलं. काय इचारायचं त्ये ह्याला इचारा."

मी वळलो तेव्हा मामा खाली मान घालून बसले होते, पाइप मांडीवर. अप्पांचं तोंड राखेसारखं झालं होतं. ते विभूतीच्या पट्ट्यांवरनं बोट फिरवत राहिले. मग त्यांनी पाइप उचलून माझ्या हातात दिला. अप्पांनी पेटती तंबाखू हातात धरलेली मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटची बघितली.

"रिवाज राहू दे, तू सांग," म्हणाले. "आजपासनं चाखायचं काम तुझं."

मी चूळ भरली. भाकरीचा तुकडा चावला. पहिला झुरका, जीभ. झोंबलं नाही. दुसरा, घसा. ठीक. तिसरा तोंडात घेतला आणि, देवाशपथ सांगतो, मी मामांच्या तोंडाकडं बघितलं. उतरला की नाही, ते तिथं दिसेल म्हणून. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

मी धूर सोडला. "नाही," म्हणालो.

मेळ मीच ओतला केराच्या पोत्यात, मापं मीच पुसली. कारकून गेला, पुन्हा आला नाही. अप्पांनी मामांना काढलं नाही, पानं निवडायला मागच्या पडवीत बसवलं. मला मामांची गादी मिळाली. लोक पेढे मागायला आले. दुकानातला पारखी झालो म्हणून. आणि चाखणाऱ्यानं करायचं नाही, हा रिवाज कुणाच्या लक्षात आणून द्यायची गरज नव्हती. त्या दिवसानंतर मी एकही मेळ केला नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचे मेळ चाखले.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं दुकानातनं एकत्रच निघालो, खोली एकच होती ना. नवी पेठ ओलांडून वेशीपर्यंत मी पुढं, मामा मागं. मग मागनं त्यांचा आवाज आला.

"खरंच नव्हता रे उतरला? का माज्यावरचा राग हुता?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. आजही नाही. मामा जवळ येऊ लागले तसा मी झपाझपा दोन पावलं पुढं झालो आणि खोलीच्या दारापर्यंत तसाच पुढं राहिलो, त्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून.